पाच धावांचा हिशेब

ज्या संघाने साठ वर्षे रणजी करंडकाच्या अंतिम सामन्याचे तोंडही पाहिले नाही, त्याचा इतिहास लिहिण्याची हौस सहसा कोणाला होत नाही. आणि तोच संघ एकदा अजिंक्य ठरला म्हणजे त्याच्या इतिहासकारांची अशी काही रीघ लागते की, त्या गर्दीत अजिंक्यपदाच्या दिवसाखेरीज दुसरे काही दिसेनासे होते. विदर्भाच्या संघाविषयी मी गेली काही वर्षे जे लेख वाचतो, ते बहुतेक रजनीश गुरबानीच्या त्रिक्रमापाशी सुरू होऊन त्याच्यापाशीच संपतात. तो त्रिक्रम थोर होता यात संशय नाही. परंतु माझा व्यासंग गुणलेखनाचा आहे. आकड्यांच्या वह्यांत डोके घालून बसणाऱ्या मनुष्याला एका प्रसंगावर समाधान मानता येत नाही, कारण वहीत त्या प्रसंगाच्या वर आणि खालीही रकाने भरलेले असतात.

आमचे धामणगाव बढे मोताळा तालुक्यात, बुलढाणा जिल्ह्याच्या पश्चिम अंगास, खानदेशच्या शिवेजवळ आहे. ही शीव महसुलाची आहे तशीच ती क्रिकेटचीही आहे, हे बाहेरच्यांना सांगितले तर त्यांना नवल वाटते. शिवेपलीकडच्या जळगाव जिल्ह्यातला मुलगा चेंडू चांगला टाकू लागला म्हणजे त्याची वाट पुण्याकडे, महाराष्ट्र संघाकडे जाते. आणि त्याचाच आतेभाऊ, जो अलीकडच्या गावात वाढला व ज्याच्याबरोबर त्याने कापूस वेचून मोकळ्या झालेल्या त्याच काळ्या वावरात टेनिस चेंडूने सामने खेळले, तो मलकापूर स्थानकावर गाडीत बसून रात्रभराच्या प्रवासाने नागपुरास निवडचाचणीसाठी जातो. एका राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ कसे, याचे उत्तर जुन्या कारभारात आहे. मध्यप्रांत व वऱ्हाड हा इंग्रजी अमलातला प्रांत, आणि त्याच नावाचा संघ रणजी स्पर्धेत उतरत असे. स्वातंत्र्यानंतर प्रांताचे मध्यप्रदेश झाले. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यास जोडले गेले. आणि १९५७-५८च्या हंगामात विदर्भ या नावाने संघ प्रथम मैदानात आला. पुढे राज्याचे नाव पुन्हा बदलले, पण क्रिकेटची हद्द जुन्या दप्तरात जशी होती तशीच राहिली.

या संघाने जन्मापासूनच मोठे दुर्दैव ओढवून घेतले होते. त्याला मध्य विभागात टाकण्यात आले, आणि मध्य विभागात तेव्हा राजस्थान होते. सलीम दुराणी, हनुमंत सिंग, विजय मांजरेकर अशी माणसे ज्या संघात होती, आणि जो १९६०-६१ ते १९७३-७४ या काळात आठ वेळा अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, त्या संघाशी साखळीत गाठ पडणे म्हणजे काय, हे ज्यांनी ते पराभव सोसले त्यांनाच ठाऊक. शिवाय या भूमीत जन्मलेले सर्वांत मोठे खेळाडू, म्हणजे नागपूरचे कर्नल सी. के. नायडू आणि त्यांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू, होळकरांच्या आश्रयाने इंदूरचे झाले, आणि होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला त्या वैभवातला वाटा इंदूरच्या नावे जमा झाला. पुढच्या पिढ्यांत प्रशांत वैद्य भारताकडून चार एकदिवसीय सामने खेळला. प्रीतम गंधे याने आपल्या ऑफस्पिनवर हंगामामागून हंगाम विदर्भाची एक बाजू लावून धरली. त्यांचे बळी पराभवाच्या पानांवर लिहिलेले आहेत, म्हणून ते कोणी वाचत नाही, एवढेच. कसोटीत जाण्याचा मान मिळाला तो २०११ साली, खाणकामगाराच्या घरातून आलेल्या उमेश यादवला. संघाच्या जन्मानंतर तब्बल अर्ध्या शतकाने.

गुणलेखकाचे काम गावच्या कुलकर्ण्याच्या कामासारखे आहे: पीक कोणाचे उत्तम आले याचे कौतुक त्याने करू नये, नोंद तेवढी चोख ठेवावी. पंचाने चौकाराची, अवांतराची वा बाय धावेची खूण केली म्हणजे गुणलेखकाने हात वर करून तिची पोच द्यावयाची, आणि ती पोच मिळेपर्यंत पंचाने पुढचा चेंडू टाकू द्यावयाचा नाही, असा खेळाचा नियमच आहे. षटक निर्धाव गेले तर सहा ठिपके रेषांनी जोडून ‘एम’ हे अक्षर काढतात. उन्हात, कनातीच्या सावलीत, शिसपेन्सिलीने ते अक्षर काढीत असताना कोणाच्याही मनात येत नाही की, या रिकाम्या षटकाला पुढे काही किंमत येणार आहे. पण ती येते. आणि कधी कधी ती पाच धावांची येते.

कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर डिसेंबर २०१७मध्ये विदर्भ व कर्नाटक यांच्यात उपांत्य सामना झाला, त्याचे आकडे मला पाठ आहेत आणि ते वाचकांनीही एकदा सावकाश पाहावेत अशी माझी इच्छा आहे. विदर्भ पहिल्या डावात १८५ धावांत आटोपला. कर्नाटकाने ३०१ केल्या, त्यांत एकट्या करुण नायरच्या १५३. म्हणजे ११६ धावांचे कर्ज. दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ केल्या आणि कर्नाटकापुढे १९८चे लक्ष्य ठेवले. चौथा दिवस मावळला तेव्हा कर्नाटकाचे ७ गडी १११ धावांत बाद झाले होते, आणि ८७ धावा हव्या होत्या. अशा स्थितीत नागपुरात लोक निश्चिंत झोपले असतील. पण सकाळी कर्णधार विनय कुमार ३६पर्यंत गेला, अभिमन्यू मिथुनने ३३ मारल्या, श्रेयस गोपाल एका बाजूने हलेना, आणि शेवटचा गडी बाद झाला तेव्हा फलकावर १९२ लागल्या होत्या. गुरबानीने त्या डावात ६८ धावांत ७ व सामन्यात १२ बळी घेतले. विदर्भ ५ धावांनी जिंकला.

आता या पाच धावा कोणाच्या, असा प्रश्न मी स्वतःला नेहमी घालतो. सर्व धावांची बेरीज केली तर विदर्भाच्या ४९८ आणि कर्नाटकाच्या ४९३ भरतात. म्हणजे त्या ४९८मधल्या कोणत्याही पाच धावा उचलल्या तर विजय नाहीसा होतो. गणेश सतीशने दुसऱ्या डावात ८१ केल्या. त्यांतला एक चौकार आणि एक एकेरी धाव कमी झाली असती तर विदर्भ अंतिम सामन्यात पोहोचला असता काय? आदित्य सरवटे गोलंदाज म्हणून संघात होता, त्याने ५५ काढल्या. त्याचे श्रेय कोणी कोठे लिहिले आहे? गुरबानीचे बारा बळी आणि सतीशची एखादी चोरटी धाव यांचे वजन गणिताने सारखे नाही हे मला मान्य आहे, पण त्या धावेवाचून बारा बळींचे काय झाले असते याचे उत्तर मात्र गणितच देते. मी विसरणाऱ्यांवर जो रुष्ट आहे तो भावनेने नाही, हिशेबाने आहे. सतीश कर्नाटकातून आलेला, वसीम जाफर मुंबईतून आलेला, म्हणून हे यश ‘आयात’ केलेले आहे, असे म्हणणारेही आमच्याकडे निघाले. त्यांना मी एवढेच विचारतो की, नायडू इंदुरास गेले तेव्हा आपण होळकरांच्या विजयास आयात म्हणालो काय?

अंतिम सामना इंदूरलाच, होळकर मैदानावर झाला, हा योगायोग मला फार गोड वाटतो. दिल्लीच्या पहिल्या डावात ध्रुव शोरीने १४५ केल्या, आणि शेवटाकडे गुरबानीने विकास मिश्रा, नवदीप सैनी व स्वतः शोरी यांचे त्रिफळे लागोपाठच्या चेंडूंवर उडविले. रणजीच्या अंतिम सामन्यात त्यापूर्वी असा त्रिक्रम तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमने १९७२-७३मध्ये केला होता. दिल्ली २९५वर आटोपली. येथपर्यंतची कथा सर्वांना ठाऊक आहे. पुढे विदर्भाने ५४७ केल्या, त्यांत यष्टिरक्षक अक्षय वाडकरचे १३३ धावांचे पहिलेच प्रथमश्रेणी शतक होते, सरवटेच्या ७९ होत्या, आणि तळाच्या फळीत येऊन सिद्धेश नेरळ नावाच्या मध्यमगती गोलंदाजाने ७४ केल्या होत्या. दिल्लीने दुसऱ्या डावात २८० केल्यामुळे विदर्भाला केवळ २९ धावा हव्या उरल्या व ९ गडी राखून सामना जिंकता आला. नेरळच्या ७४ काढून टाका, मग शंभरावर धावा शेवटच्या डावात करण्याचा प्रसंग विदर्भावर येतो, आणि सारे काही इतके सोपे राहत नाही. आज नेरळचे नाव नागपूरबाहेर किती जणांना सांगता येईल, कोण जाणे.

त्या संघाचा कर्णधार फैझ फझल. त्या हंगामात त्याने ९१२ धावा केल्या. पण त्याच्या नोंदींतला माझा आवडता आकडा हा नव्हे. १५ जून २०१६ रोजी हरारे येथे तो भारताकडून आपला एकमेव एकदिवसीय सामना खेळला, नाबाद ५५ केल्या, भारत १० गड्यांनी जिंकला, आणि पुन्हा त्याला बोलावणे आले नाही. एकच डाव आणि तोही नाबाद, त्यामुळे त्याची सरासरी काढताच येत नाही. सरासरीच्या रकान्यात आडवी रेघ आहे. ज्यांनी पुण्याला काठेवाडाविरुद्ध नाबाद ४४३ करूनही कधी कसोटी पाहिली नाही, त्या भाऊसाहेब निंबाळकरांच्या पंक्तीत मी फझलला बसवीत नाही, पण ती रेघ दिसली की वही मिटावीशी वाटत नाही. आमच्या जिल्ह्याचा विचार करावयाचा तर बुलढाण्यात जन्मलेला डावरा द्रुतगती गोलंदाज श्रीकांत वाघ विदर्भाकडून वर्षानुवर्षे खेळला, आणि उत्तर यॉर्कशरमधील स्टोक्सली या क्लबाकडून खेळताना त्याने एका डावात सगळेच्या सगळे दहा बळी टिपले. हा पराक्रम इंग्लंडातल्या एका लीग सामन्याच्या वहीत आहे. बुलढाण्याच्या चौकात मी विचारून पाहिले, तर तरुणांना त्याच्या दहा बळींपेक्षा त्याच्या आयपीएलच्या संघांची नावे अधिक पाठ होती. नागपूरची मोना मेश्राम २०१७च्या महिला विश्वचषकात भारतीय संघात होती, विदर्भाच्या पुरुषांनी करंडक उचलण्याआधी अवघे काही महिने. तिचा तर उल्लेखही या साऱ्या गौरवात कोणी केला नाही.

पुढल्याच वर्षी जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्रास ७८ धावांनी हरवून विदर्भाने करंडक राखला तेव्हा सामनावीर सरवटे होता: ११ बळी, त्यांत चेतेश्वर पुजारा दोन्ही डावांत, १ आणि ० वर. त्यानंतर २०२३-२४मध्ये वानखेडेवर मुंबईकडून पराभव झाला, आणि २०२४-२५चा अंतिम सामना पुन्हा जामठ्याला, केरळाशी झाला. तोवर महसुली भाषेत ज्याला फेरफार म्हणतात तसा फेरफार झालेला होता. ईडन गार्डन्सवर ज्याच्या १५३ धावांनी विदर्भाचा घास जवळजवळ हिरावला होता, तो करुण नायर आता विदर्भाकडून खेळत होता व त्याने ८६ आणि १३५ केल्या. आणि ज्याच्या ५५ धावांनी तो घास वाचविला होता, तो सरवटे केरळाच्या बाजूने फलंदाजीस आला आणि ७९ करून गेला. दानिश मालेवारच्या १५३ धावांच्या बळावर विदर्भाने ३७९ केल्या होत्या, केरळ ३४२पर्यंत पोहोचले, आणि अनिर्णित सामन्यात ३७ धावांच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा नागपुरास राहिला. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम मोडला, म्हणून पुढची दहा वर्षे त्याचेच नाव घेतले जाईल, आणि ते रास्तही आहे. पण विदर्भाच्या खेळाडूंची माझी जी वही आहे, तिच्यात सरवटेचे पान मी बंद केलेले नाही. त्या ७९ धावा मी तेथेच लिहिल्या आहेत, शेवटी कंसात केरळ एवढे घालून, आणि नागपुरातल्या एका स्नेह्याशी त्यावरून माझा अद्याप वाद चालू आहे.