येणारे ईसा कोणाचे?

सातवीच्या वर्गात एका मुलाने हात वर केला. "सर, हजरत ईसा अलैहिस्सलाम परत येणार, असं मौलवीसाहेब सांगतात. ख्रिस्ती लोकही तेच म्हणतात. मग येणारे ईसा आपले की त्यांचे?"

वर्ग हसला. आम्ही घाईने म्हणालो, "त्यांच्या किताबीत फेरफार झालेत. त्यांचं काय ऐकायचं?" मूल खाली बसलं. मुलाचा प्रश्न मारू नये, हे बी.एड.च्या पेपरात आम्हीच लिहिलं होतं. जानेफळला घरी परतताना तेच मनात खुपत राहिलं.

पुढे मेहकरला प्रशिक्षणात मराठी माध्यमाचे एक ख्रिस्ती गुरुजी शेजारी बसले. डबा खाताना आम्ही तोच प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. ते म्हणाले, "सर, आमच्यात तरी एकमत कुठे आहे?"

मग त्यांनी सांगितलं. 'प्रकटीकरण' या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात मसीहाच्या हजार वर्षांच्या राज्याचा उल्लेख आहे. काही म्हणतात, मसीहा आधी येईल, मग ते राज्य सुरू होईल. काही म्हणतात, जग आधी सुधारेल, मग तो येईल. तिसरे म्हणतात, हजार वर्षं हे रूपक आहे. पाचव्या शतकात संत ऑगस्टिन यांनी हाच अर्थ मांडला. मत्तयच्या चोविसाव्या अध्यायात 'ही पिढी' संपण्याआधी सारं घडेल, असं आहे. कोणती पिढी? त्या काळची, शेवटची, की सारा वंश? एका शब्दावर शतकानुशतकं वाद चालू आहे. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी तर २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीखच धरली होती. तो दिवस आला आणि गेला.

आणखी एक गोष्ट ऐकून आम्ही थक्क झालो. सुवार्ता सर्व राष्ट्रांत पोहोचली की शेवट येईल, असं त्याच अध्यायात आहे. अमेरिकेतल्या ए. बी. सिम्पसन यांनी १८८७ साली सुरू केलेल्या चळवळीने हे वाक्य मनावर घेतलं. त्याच चळवळीचे मिशनरी आपल्या वऱ्हाडात आले. अकोला, खामगाव, मलकापूर ही त्यांची ठाणी झाली. खामगावच्या बाजारात आम्ही किती वेळा गेलो असू! पण एका आयतीच्या अर्थापायी माणसं समुद्र ओलांडून तिथे आली होती, हे कधी ठाऊक नव्हतं.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? सूरह जुखरुफच्या एकसष्टाव्या आयतीत कयामतच्या निशाणीबद्दल जे सर्वनाम आहे, ते बहुतेक मुफस्सिर हजरत ईसांकडे लावतात, तर काही कुरआनकडे. त्यांच्या पुन्हा येण्यावर बहुसंख्य उलमांचा विश्वास हदीसच्या आधारे आहे, आमचाही आहे. पण मुफस्सिरांनी दुसरं मत लपवलं नाही, लिहून ठेवलं. आम्ही मात्र एका लेकराला दोन मिनिटं दिली नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात त्या मुलाला उभं केलं आणि सर्वांसमोर म्हणालो, "बेटा, त्या दिवशी आमचं चुकलं." मग दोन्हीकडची मतं जमेल तशी सांगितली. त्या घडीचं ज्ञान फक्त अल्लाहला आहे, असं कुरआन सांगतो; तो दिवस, ती घटका कोणालाच ठाऊक नाही, असं मत्तयातही आहे. इथे दोघं एकत्र येतात, हेही सांगितलं.

संध्याकाळी एक पालक घरी आले. "उर्दू शाळेत इंजील कशाला, सर?" आम्ही त्यांना चहा दिला आणि म्हणालो, "भाईजान, ईमान-ए-मुफस्सलमध्ये आपण अल्लाहच्या किताबांवर ईमान आणतो. एका किताबीवर नाही, किताबांवर."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांना पटलं की नाही, कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांचं मूल शाळेत आलं, आणि पहिल्याच तासाला त्याने हात वर केला.