रहाटणी ते नेहरूनगर : अठरा नावांची चर्चा

रहाटणीचे नाव सांगितले की गावाकडचे नातेवाईक हटकून विचारतात, "हे पुण्यात आले की पिंपरीत?" उत्तर सोपे आहे. पवना नदीच्या अलीकडे काळेवाडी, पिंपळे सौदागर आणि थेरगाव यांच्या मधोमध जी दाट वस्ती आहे, ती रहाटणी. पहाटे फाट्यावर चाकण-भोसरीच्या कंपन्यांच्या बसगाड्या थांबतात, नऊ वाजता हिंजवडीकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. लातूर, बीड, सोलापूर, जळगाव अशा जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठी आलेल्या माणसांनी ही वस्ती भरलेली आहे. आमचे घरही त्यातलेच एक.

इथल्या मुलांचा खेळ म्हणजे क्रिकेट. मोकळा प्लॉट दिसला की तीन दगड उभे राहतात आणि इमारतीचे काम सुरू झाले की खेळ पुढच्या प्लॉटवर सरकतो. हॉकीची काठी घेऊन जाणारे मूल रहाटणीत दिसले तर लोक वळून पाहतात. मात्र नदी ओलांडून काळेवाडीच्या पुलावरून पिंपरी कॅम्पात शिरावे, स्टेशनजवळ रेल्वेलाइन ओलांडून जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर यावे आणि पलीकडे नेहरूनगर गाठावे, की चित्र बदलते. गर्दी नसेल तर दुचाकीवर वीस-पंचवीस मिनिटांचे अंतर. तिथे महापालिकेचे मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियम आहे. निळ्या-हिरव्या पॉलिग्रासचे हे मैदान सामन्याआधी पाण्याने भिजवावे लागते. ओल्या गवतावर चेंडू सरळ आणि वेगाने पळतो, कोरड्यावर अडखळतो आणि पडणाऱ्याचे गुडघे सोलतो.

डिसेंबर 2021 मध्ये पुरुषांची वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा इथेच झाली. मार्च 2024 मध्ये महिलांची राष्ट्रीय स्पर्धाही इथेच भरली. तेव्हा महाराष्ट्राच्या मुलींनी अंतिम फेरी गाठली आणि हरियाणाकडून 3-0 अशी हार पत्करली. आमच्या घरातले हॉकीचे वेड त्याच सुमाराला सुरू झाले. माझी बहीण शेजारच्या गल्लीत राहते. तिची मुलगी, माझी भाची, तेव्हा तेरा वर्षांची होती. ती आधी शाळेच्या संघात खेळत होती, नंतर गोलरक्षक झाली. तिला सरावाला नेण्या-आणण्याचे काम मामू म्हणून माझ्याकडे आले, आणि त्यामुळे गॅलरीत बसणाऱ्या मंडळींशी माझी ओळख झाली.

गॅलरीतल्या मंडळींचे दोन गट आहेत. वरच्या पायऱ्यांवर बसतात ती जुनी जाणती माणसे. त्यातले बरेच खडकीचे, दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. खालच्या पायऱ्यांवर कॉलेजची मुले असतात. स्पर्धा कोणतीही असो, संघाची यादी लागली की वाद सुरू होतो. अठरा जणांत कोण हवा होता, कोण नको होता, कोणाच्या जागी कोण आला.

"मैदानात डोके थंड ठेवायला वय लागते," वरच्या पायरीवरचे एक चाचा म्हणतात. "शेवटच्या पाच मिनिटांत एका गोलाने पुढे असलो तर चेंडू कोपऱ्यात धरून ठेवायचा असतो. पोरे पुढे धावतात आणि गोल खातात."

"चाचा, धावतात म्हणून तर आधी गोल होतो ना!" खालून उत्तर येते. "आताचा खेळ पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार डावांचा आहे. खेळाडू हवा तेव्हा आत-बाहेर करतात. तीस वर्षांचा माणूस एवढे पळणार कसा?"

वरवर पाहता ही रिकामटेकड्यांची बडबड वाटेल. पण वाचकहो, हॉकीचा इतिहासच या वादाने भरलेला आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकचे उदाहरण घ्या. ध्यानचंद यांचा संघ जर्मनीत पोहोचला आणि सरावाच्या सामन्यात जर्मनीकडूनच 4-1 असा हरला. संघात काहीतरी कमी आहे हे ध्यानचंद यांना दिसले. मूळ संघात नसलेल्या अली इक्तिदार शाह दारा यांना हिंदुस्थानातून तातडीने बोलावून घेतले गेले. दारा विमानाने आले, उपांत्य सामन्यापासून खेळले आणि अंतिम सामन्यात भारताने त्याच जर्मनीला 8-1 असे हरवले. तो दिवस होता 15 ऑगस्ट. पुढे हेच दारा 1948 च्या ऑलिंपिकमध्ये पाकिस्तानचे कर्णधार झाले. यादीत एक नाव बदलले आणि खेळ बदलला.

त्याच बर्लिनच्या संघात भोपाळचे अहमद शेर खान होते. त्यांचा मुलगा अस्लम शेर खान 1975 च्या विश्वचषकात क्वालालंपूरला गेला, पण तरुण म्हणून बराच काळ राखीव बाकावर बसून राहिला. उपांत्य सामन्यात यजमान मलेशिया 2-1 असा पुढे होता आणि सामना संपायला थोडीच मिनिटे उरली होती. भारताला शॉर्ट कॉर्नर मिळाला तेव्हा अस्लमला आत पाठवण्यात आले. त्याने गळ्यातल्या तावीजचे चुंबन घेतले, चेंडू मारला आणि बरोबरी साधली. जादा वेळेत हरचरण सिंगने विजयी गोल केला. अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानला 2-1 असे हरवले. भारताच्या पुरुष संघाने जिंकलेला तो आजवरचा एकमेव विश्वचषक आहे. वरच्या पायरीवरचे चाचा ही गोष्ट इतक्या वेळा सांगतात की खालची मुले आता वाक्ये त्यांच्याआधीच पूर्ण करतात. पण मुले याच गोष्टीचा आधार घेऊन म्हणतात, "बघा चाचा, पोरानेच वाचवले ना?"

यावर चाचा धनराजचे नाव काढतात. नेहरूनगरहून खडकी लांब नाही. संत तुकारामनगरला मेट्रोत बसले की नाशिक फाटा, कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी, बोपोडी आणि मग खडकी. धनराज पिल्लेचा जन्म तिथलाच, 1968 चा. वडील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करीत. घरात भावंडे बरीच आणि पगार बेताचा. मोडक्या काठ्या दोरीने बांधून आणि टाकून दिलेले चेंडू वेचून ही मुले खेळली. त्यातला धनराज चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई स्पर्धा खेळला. 1998 मध्ये बँकॉकला त्याच्या नेतृत्वाखाली भारताने 32 वर्षांनी आशियाई सुवर्णपदक मिळवले. आणि त्यानंतर लगेच धनराजसह काही ज्येष्ठ खेळाडूंना संघातून वगळण्यात आले. खडकीत त्या वेळी जी हळहळ झाली ती चाचांच्या बोलण्यात अजून आहे. "सोने आणणाऱ्याला घरी बसवले," ते म्हणतात, "मग तुम्ही मला अनुभवाची किंमत नाही म्हणून सांगता?"

इथे खालच्या पायरीवरही शांतता पसरते. कारण धनराज सगळ्यांचा आहे.

वादाचा दुसरा विषय म्हणजे व्यावसायिक संघ. या भागाला तो टिकून मिळालाच नाही. 2005 मध्ये प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली तेव्हा मराठा वॉरियर्स हा संघ होता आणि धनराज त्यातून खेळला. ती लीग 2008 नंतर बंद पडली. 2012 मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकीत पुणे स्ट्रायकर्स उतरले, थेट अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि मुंबईत शेर-ए-पंजाबकडून 5-2 असे हरले. त्या स्पर्धेला हॉकी इंडियाची मान्यता नव्हती, ती एकाच मोसमात संपली. 2013 मध्ये हॉकी इंडिया लीग आली तेव्हा महाराष्ट्राचा संघ मुंबईचा होता. आधी मुंबई मॅजिशियन्स, नंतर दबंग मुंबई. 2017 ला दबंग मुंबईने अंतिम फेरी गाठली आणि कलिंगा लान्सर्सकडून हार घेतली. त्यानंतर ती लीगही थांबली.

ऑक्टोबर 2024 मध्ये लीग पुन्हा सुरू करण्यासाठी दिल्लीत खेळाडूंचा लिलाव झाला. पुरुषांचे आठ आणि महिलांचे चार संघ होते. ओडिशा, बंगाल, पंजाब-हरियाणा, तमिळनाडू, हैदराबाद, उत्तर प्रदेश, दिल्ली, विशाखापट्टणम अशा सगळ्यांचे झेंडे होते, महाराष्ट्राचा एकही नव्हता. गॅलरीत त्या दिवशी सगळे आपापल्या मोबाइलवर बोली पाहत होते. हरमनप्रीत सिंगला सर्वाधिक 78 लाख रुपये मिळाले तेव्हा खालच्या पायरीवरचा एक मुलगा ओरडला, "अरे, हा तर पोरगा असताना आपल्या दबंग मुंबईत होता!" खरेच होता. तेव्हा त्याच्या नावावर किती जणांनी नाके मुरडली असतील, आणि पुढे तो भारताचा कर्णधार झाला. महिलांमध्ये सर्वाधिक 32 लाखांची बोली उदिताला मिळाली. ते ऐकून माझ्या भाचीने फक्त एवढेच विचारले, "मामू, गोलकीपरला किती?"

त्या लीगचा एक नियम मला मोलाचा वाटतो. त्या लिलावाच्या वेळी पुरुषांच्या प्रत्येक संघात 24 खेळाडू हवे होते, त्यात 16 भारतीय, आणि त्या भारतीयांत किमान चार ज्युनियर असायलाच हवे होते. म्हणजे तरुणांना संधी द्यायची की नाही हा वाद व्यवस्थापनाच्या मर्जीवर सोडलेला नव्हता. जागा आधीच राखून ठेवल्या, आता भांडा ते कोणत्या चौघांवर एवढेच. चाचांना हे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "हे बरे केले. पोर बाकावर बसले तरी मोठ्यांचा खेळ जवळून पाहते."

पण गॅलरीत तिसराही एक गट असतो, तो कोणाच्या लक्षात येत नाही. कडेच्या पायरीवर पाण्याची बाटली आणि डबा घेऊन बसलेल्या आया. यादीची चर्चा त्या ऐकतात, बोलत नाहीत. एकदा माझ्या बहिणीने मात्र तोंड उघडले. "तुम्ही अठरा नावे मोजता," ती म्हणाली, "एकोणिसाव्या मुलीचे काय होते ते कोणी सांगाल का?" कोणाकडे उत्तर नव्हते. गोलरक्षकाचे पॅड, हेल्मेट आणि हातमोजे यांचा खर्च पुरवायचा. रोज नदी ओलांडून न्यायचे-आणायचे. दहावीचे वर्ष तोंडावर आलेले. आणि संघात गोलरक्षकाच्या जागा दोनच, त्यातलीही मैदानावर एकच.

प्रश्न आमच्या घरात आला तो असा. बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीची निवड चाचणी द्यायची का? निवड झाली तर राहणे, जेवण, शिक्षण आणि सराव यांची सोय शासन करते, पण मुलगी घराबाहेर राहणार. भावजींचे म्हणणे होते की आधी दहावी होऊ द्यावी. दादींचे म्हणणे होते की मुलीने इतक्या लांब कशाला राहावे. बालेवाडी रहाटणीपासून लांब नाही हे दादींना नकाशावर दाखवून झाले, तरी त्यांच्या मनातले अंतर कमी होत नव्हते.

अशा वेळी दूरची उदाहरणे उपयोगी पडत नाहीत, जवळची पडतात. साताऱ्याच्या फलटण तालुक्यातल्या वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे या मुली शेतकरी घरांतून निघाल्या आणि भारतीय संघापर्यंत पोहोचल्या. 2023 च्या हांगझाऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला संघाने कांस्यपदक जिंकले, त्या संघात वैष्णवी होती. हे दादींना सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, "तिच्या आईने तिला सोडले कसे?" मला वाटते, तो खरा प्रश्न होता. संघनिवडीच्या आधी एक निवड घरात होते, आणि तिथे निवड समितीत आई, वडील, दादी सगळे असतात.

चाचांना मी हे सारे सांगितले. ते नेहमीप्रमाणे अनुभवाची बाजू घेतील असे वाटले होते. ते म्हणाले, "खडकीत आम्ही कितीतरी पोरे धनराजच्या तोडीची पाहिली. यादीत नाव नव्हते म्हणून ती गेली नाहीत. कोणी वर्कशॉपला लागले, कोणाच्या घरी कमावणारे नव्हते. त्यांची नावे कोणत्याच वादात येत नाहीत. तू तिला चाचणीला तरी जाऊ दे. नाही म्हणायचे ते निवडणाऱ्याला म्हणू दे, घरातून कशाला म्हणायचे?"

बहिणीने हे शब्द भावजींना जसेच्या तसे ऐकवले. दोन दिवस घरात कोणी काही बोलले नाही. मग असरनंतर चहा पिताना दादीच म्हणाल्या, "परीक्षाच आहे ना? देऊ द्या. नापास झाली तर घरी आहेच, पास झाली तर मी दर रविवारी डबा घेऊन जाईन."

चाचणी पुढच्या महिन्यात आहे. निकाल काय लागेल ते अल्लाह जाणे. तोवर भाची रोज पहाटे इमारतीच्या गच्चीवर भिंतीवर चेंडू मारून अडवण्याचा सराव करते, आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी आवाजाची तक्रार करायला येतात ते जाताना विचारून जातात, "निवड झाली का हो?"

कधी पिंपरीला येणे झाले तर नेहरूनगरच्या मैदानावर जरूर जा. संध्याकाळी सराव सुरू असतो. वरच्या पायरीवर बसलात तर धनराजची बाजू ऐकायला मिळेल, खालच्या पायरीवर बसलात तर तरुणांची. जमले तर थोडा वेळ कडेच्या पायरीवरही बसा. तिथल्या आयांना विचारले तर त्या सांगतात की मैदानावरच्या कोणत्या मुलीला आज ताप आहे, कोणाचे बूट फाटले आहेत आणि कोणी सकाळपासून काही खाल्लेले नाही.