साखळी आणि चाक

मुलांनो, सायकलची साखळी उतरली, तर आपले हात काळे होतात, एवढेच. पण मोटारसायकलची साखळी वेगात उतरली, तर ती अडकून मागचे चाक जागीच थांबू शकते. मग स्वार रस्त्यावर फेकला जातो. म्हणून ही साधी वस्तू फार महत्त्वाची आहे.

मालेगावात आमच्या मोहल्ल्यात एक उस्ताद गाड्या दुरुस्त करतात. एकदा त्यांच्याकडे एक दूधवाले चाचा आले. वर्षभरात त्यांनी दोनदा साखळी बदलली होती, तरी कटकट आवाज जात नव्हता. गाडी एका बाजूला ओढत होती. दूध उशिरा पोहोचले, तर गिऱ्हाईक तुटेल, ही त्यांची काळजी होती.

उस्तादांनी साखळीला हातही लावला नाही. ते गाडीमागे उकिडवे बसले आणि एक डोळा मिटून पाहू लागले. मग म्हणाले, "चाचा, दोष साखळीचा नाही. चाक तिरके बसले आहे."

चाक तिरके कसे होते? साखळी ताणण्यासाठी मागच्या चाकाचा आस दोन्ही बाजूंनी मागे सरकवतात. एक बाजू जास्त ओढली, की चाक वाकडे बसते. साखळी दात्यांना एका अंगाने घासते. दाते झिजतात आणि टायरही झिजतो.

उस्तादांनी आसाचा नट सैल केला व दोन्हीकडच्या खुणा सारख्या केल्या. पण केवळ खुणांवर ते विसंबले नाहीत. मागच्या टायरला टेकवून त्यांनी दोन्ही बाजूंनी दोरी पुढच्या चाकापर्यंत ताणली. हँडल सरळ ठेवून दोन्हीकडचे अंतर सारखे आहे ना, हे पाहिले.

नंतर त्यांनी खालची साखळी मध्यभागी बोटाने वरखाली केली. लहान गाड्यांत ती साधारण २० ते ३० मिलिमीटर हलावी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. साखळी फार घट्टही नको. खड्ड्यात चाक वर उचलले जाते, तेव्हा ती आणखी ताणते आणि बेअरिंग खराब होते. चाक फिरवून चार ठिकाणी मोजावे, कारण साखळी सगळीकडे सारखी झिजत नाही. शेवटी नट घट्ट करून ब्रेक तपासावा. चाक सरकले, की ब्रेकही बदलतो.

एक गोष्ट मात्र विसरू नका. हे सारे इंजिन बंद ठेवूनच करायचे. फिरत्या साखळीत सापडलेले बोट परत मिळत नाही.

आवाज एकीकडे येतो आणि दोष दुसरीकडे असतो. म्हणून नवी वस्तू विकत घेण्याआधी जुनी का बिघडली, हे शोधा. त्यात पैसा वाचतो आणि कधी कधी जीवही वाचतो.