वॉर्डाचा मेंबर

नगरपालिकेच्या निवडणुकीची चाहूल वर्ध्यात पूर्वी भिंतींवरून लागायची. एका रात्रीत मोहल्ल्यातल्या भिंतींवर चुन्याचे पांढरे पट्टे उमटत आणि कोपऱ्यात गेरूने ‘राखीव’ असं लिहिलेलं असे. दुसऱ्या दिवशी पेंटर डबे घेऊन हजर. छत्री, पतंग, कपबशी, शिलाई मशीन. लिहिता-वाचता न येणारी आजीसुद्धा भिंतीकडे पाहून कोण कुठल्या चिन्हावर उभं आहे ते सांगायची. मग भोंगा लावलेली सायकलरिक्षा यायची आणि तिच्यामागे बिल्ल्यांसाठी धावणारी आम्ही पोरं. पक्ष कुठलाही असो, सदऱ्यावर जागा उरेपर्यंत बिल्ले लावायचे.

१९७४ साली नगराध्यक्षही थेट लोकांनी निवडायचा होता, तेव्हा घरोघरी चर्चेला ऊत आला होता. मतदानाचं वय २१ होतं, त्यामुळे कॉलेजात जाणारी दादा मंडळी प्रचाराला पुढे, पण मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर उभी. हिंगणघाट, पुलगावकडे उमेदवार गिरणीच्या फाटकावर पाळी सुटण्याची वाट पाहत थांबायचे. भोंगा झाला की हात जोडायचे.

उभा राहणारा माणूस बहुधा आधीपासून ओळखीचा असायचा. नळावर भांडण झालं की त्याला बोलावणं जायचं. कोणाकडे मयत झाली तर लाकडांची सोय त्यानेच केलेली असायची. वकील, मास्तर, किराणा दुकानदार, गिरणीतला कामगार, असा कोणीही. ‘भाऊ, तुम्हीच उभे राहा’ असं मोहल्ला म्हणायचा आणि वर्गणीही मोहल्लाच काढायचा. चौकातल्या सभेत मोठमोठ्या गोष्टी सुरू झाल्या की मागून एखादा म्हातारा उठून विचारी, “ते राहू द्या भाऊ, आमच्या नालीचं कवा होते ते सांगा पयले.” त्याला उत्तर द्यावंच लागे, कारण उद्या सकाळी तोच म्हातारा दारात उभा राहणार हे उमेदवाराला पक्कं ठाऊक असे.

माझे मोठे काका एकदा अपक्ष उभे राहिले होते. प्रचाराची सगळी खलबतं आमच्या ओसरीवर चालत. काका मतदारयादी घेऊन बसायचे आणि आतून काकू सांगायची: अमक्याची सून माहेरी गेली आहे, तमक्याच्या घरी आता तीन मतं, त्या गल्लीत नळाला पाणी येत नाही म्हणून लोक रागावलेत, तिकडे आधी जा. अख्खा वॉर्ड तिला तोंडपाठ होता. काकांपेक्षा तिचीच ओळख जास्त. पण काकूने फॉर्म भरावा हे ओसरीवरच्या एकाही माणसाच्या मनात आलं नाही, आणि काकूच्याही नाही. त्या काळाची आठवण मला प्रिय आहे, पण ही गोष्ट आठवली की त्या काळाला पूर्ण गुण देववत नाहीत.

१९९३ मध्ये ७४वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी आल्या. २०११ पासून महाराष्ट्रात अर्ध्या. अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसी समाजांच्या जागाही चक्राकार पद्धतीने फिरू लागल्या. सुरुवातीला ‘बाईचं नाव, कारभार नवऱ्याचा’ असं सर्रास म्हटलं जायचं आणि अनेक ठिकाणी ते खरंही होतं. पण नंतर मी सभागृहात पाणीपट्टीच्या दरावर अधिकाऱ्यांना अडवणाऱ्या, टाकीवर जाऊन व्हॉल्व कोण फिरवतो ते पाहणाऱ्या बायका पाहिल्या. त्या सगळ्या मला काकूसारख्याच वाटल्या.

आता भिंती मोकळ्या असतात आणि खांबांवर फ्लेक्स असतात. उमेदवारी अर्ज संगणकावर भरायचा. मालमत्ता आणि गुन्ह्यांचं शपथपत्र, घरी शौचालय असल्याचा पुरावा, राखीव जागा असेल तर जातवैधता. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर माणूस अपात्र. खर्चाचा हिशेब वेगळा. कागद वाढले याची मला तक्रार नाही. उमेदवारावर खटले किती, हे आम्हाला पूर्वी कळायचंच नाही. तक्रार पैशाची आहे. वर्धा-हिंगणघाटसारख्या लाखावर वस्तीच्या गावात एका नगरसेवकाला पाच लाखांपर्यंत खर्चाची मुभा आहे. किराणा दुकानदाराने किंवा मास्तराने तेवढे आणायचे कुठून? त्यात प्रभाग दोन सदस्यांचा, म्हणजे एका गल्लीच्या ओळखीवर भागत नाही. आणखी एक गोष्ट जिवाला लागते. गांधी-विनोबांच्या या जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, आणि निवडणूक आली की पोलिसांना नाक्यानाक्यावर गाड्या तपासाव्या लागतात.

तरीही या सगळ्यापेक्षा मोठं नुकसान मधल्या वर्षांत झालं. २०१६ च्या नोव्हेंबरात निवडलेल्या सभागृहांची मुदत संपली आणि आरक्षणाच्या न्यायालयीन वादात जवळपास चार वर्षं नगर परिषदांवर प्रशासक बसले. घंटागाडी आली नाही, नळाला गढूळ पाणी आलं, तर सांगायचं कोणाला? मुख्याधिकाऱ्यांच्या दारात म्हातारी माणसं अर्ज घेऊन बसलेली मी पाहिली आहेत. त्या दिवसांत माझं मत पक्कं झालं: कामचुकार मेंबर एकवेळ चालेल, त्याला पाच वर्षांनी घरी बसवता येतं, मेंबरच नसणं चालणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ च्या डिसेंबरात मतदान झालं. तीन बटणं दाबायची होती, एक नगराध्यक्षासाठी आणि दोन सदस्यांसाठी. रांगेत उभं राहून मला फार बरं वाटलं.

आता पुढच्या खेपेचं सांगतो. तुमच्या प्रभागात नाली, नळ, दिवा यांच्या मागे लागणारी एखादी वहिनी किंवा एखादा पोरगा असेलच. निवडणूक जाहीर झाल्यावर अर्ज भरायला मोजकेच दिवस मिळतात, म्हणून त्याला किंवा तिला आत्ताच विचारा. जातवैधतेला वेळ लागतो, तो कागद आधी काढायला लावा. आणि पूर्वीसारखी मोहल्ल्याची वर्गणी काढा; दहा-वीस रुपये दिलेल्या माणसाला मत मागणाऱ्याकडे हिशेब मागायचा हक्क राहतो.