चिचगडची घरे आणि डोक्यावरचे छप्पर

देवरीहून चिचगडच्या रस्त्याला लागले, की जंगल सोबतीला येते. मध्येच धानाच्या बांध्या, कडेला मोहाची झाडे, आणि मग एखादे गाव. गोंदिया जिल्ह्याचा हा छत्तीसगडच्या सीमेकडचा कोपरा. १९९९ सालापर्यंत हा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे. येणारा पाहुणा जंगल बघतो, धान बघतो आणि परत जातो. वाचकहो, तुम्ही कधी इकडे आलात तर थोडी मान वर करून घरांची छपरे बघा. एकाच घरावर तीन तऱ्हा दिसतील. माजघरावर जुने कवेलू, ओसरीवर टिनाचे पत्रे आणि शेजारी घरकुलाचा स्लॅब. जुने काय ठेवावे आणि नवे काय घ्यावे, हा प्रश्न इथे घरोघरचा आहे. तुमच्याही गावी असेल.

छप्पर आभाळ बघून निवडावे, असे जुने लोक करीत. लडाखातले लेह साडेतीन हजार मीटर उंचीवरचे थंड वाळवंट. वर्षाचा पाऊस जेमतेम १०० मिलीमीटर. म्हणून तिथे घरांवर तुळया, त्यांवर काटक्या आणि वर मातीचा जाड थर असे सपाट छप्पर घालतात. थंडीत ऊब राहते आणि वर चाराही वाळत घालता येतो. तेच छप्पर चिचगडला घातले तर एका पावसाळ्यात चिखल होऊन खाली येईल. इथे पाऊस सुमारे १,२०० ते १,४०० मिलीमीटर, तोही बहुतेक चार महिन्यांत. मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो आणि पौषात अंगणात शेकोटी लागते. पाणी झटकन वाहून जावे, ऊन आत येऊ नये आणि ऊब टिकावी, अशी तिन्ही कामे या छपराला करावी लागतात.

कवेलू ही तिन्ही कामे करते. कुंभार चाकावर मातीची नळी ओढतो, तिचे दोन भाग करतो, ते झाले कवेलू. एक उताणे, त्यावर एक पालथे, अशा ओळी लावल्या की मधे हवा खेळती राहते, आणि हीच हवा उन्हाची धग अडवते. मात्र चढ पुरेसा हवा. चार हात रुंदीला अडीच हात उंची ठेवली तर पाणी मागे फिरत नाही. भिंती मातीच्या असतील तर वळचण दीड हात बाहेर ठेवा, म्हणजे पावसाचे तुषार भिंतीचा पाया खाणार नाहीत.

कवेलूंचा खरा खर्च दरवर्षीच्या कष्टाचा आहे. मृगाआधी कवेलू फेरावे लागतात. म्हणजे सगळे उतरवून, फुटके बदलून, कचरा झाडून पुन्हा लावायचे. नेमका तोच तेंदूपत्त्याचा हंगाम. घरातली सारी माणसे पहाटेपासून जंगलात, मग घर फेरणार कोण? त्यात माकडे एका उडीत दहा कवेलू फोडतात. लोक टिनाकडे वळले ते हौसेने नव्हे, हे ध्यानात घ्या. म्हणून कवेलूंचे घर राखायचे असेल तर तेंदूच्या आधी, मोहफुले वेचून झाली की चारआठ दिवस त्यासाठी राखून ठेवा, आणि शंभरेक जास्तीचे कवेलू कोपऱ्यात रचून ठेवा. अवकाळी पाऊस आला तरी मग धावपळ होत नाही. वेल चढवायचा तर मांडवावर चढवा. छपरावरच्या वेलाखाली ओल धरते आणि फाटे कुजतात.

टिनाचा पत्रा हलका, लवकर बसणारा, माकडांना न जुमानणारा. पण दुपारी तो तव्यासारखा तापतो. त्याच्याखाली बांबूच्या तट्ट्यांचा माळा करून वरून माती सारवा, आणि दोन्ही टोकांच्या भिंतींत हवा जाण्यास झरोके ठेवा. पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात दिला तरी धग कमी होते. तो दर उन्हाळ्यात द्यावा. पत्र्यावर पत्रा निदान सहा इंच चढवा. खिळा किंवा आकडा नेहमी पत्र्याच्या उंचवट्यावर मारावा, खळग्यात कधीच नाही. खळग्यातूनच पाणी वाहते. खाली डांबरी वॉशर घाला.

वाऱ्याचे भय पत्र्याला सर्वांत जास्त. वारा उघड्या ओसरीतून आत शिरतो आणि छप्पर खालून उचलतो. पत्र्यावर दगड ठेवून भागत नाही. उडालेल्या पत्र्याबरोबर तो दगडही माणसाच्या अंगावर येतो. पत्रा लाकडाला, लाकूड खांबाला आणि खांब जमिनीला पक्का बांधलेला हवा. विजेची तार पत्र्याला टेकलेली नाही, हेही पाहून घ्या. तारेचे वेष्टण झिजले की सारे छप्परच वीज धरते.

सिमेंटचे जुने पत्रे बहुधा अॅस्बेस्टॉसचे असतात. त्यांची धूळ फुप्फुसांना घातक आहे. ते करवतीने कापू नका, फोडून अंगणात पसरू नका. त्यांवर थेट पायही देऊ नका, पत्रा मोडून माणूस खाली येतो. चढायचेच असेल तर दोन आधारांवर लांब फळी टाकून चढा.

स्लॅबला लोक कायमचा समजतात. दिवसभर तो ऊन पितो आणि रात्रभर ते घरात सोडतो. त्याला पाण्याकडे किंचित उतार द्या, पन्हाळी मोकळ्या ठेवा, वरून चुना द्या. ओतल्यानंतर निदान दहा दिवस पाणी साठवून तो भिजता ठेवा. यात कसूर केली की पुढे भेगा पडतात.

राहता राहिले लाकूड. सागाची बल्ली आता सहज मिळत नाही. बांबू तोडायचा तर पावसाळा सरल्यावर, हिवाळ्यात तोडा आणि दोनतीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवा. त्यातला गोडवा निघून गेला की भुंगा कमी लागतो. २०१७ साली कायदा बदलला, तेव्हापासून जंगलाबाहेर लावलेला बांबू कायद्याने झाड गणला जात नाही. बांधावर चार बेटे लावलीत तर पुढच्या छपराची सोय घरचीच होईल.

घरकुल मिळाले म्हणून जुने घर एकदम मोडू नका. कवेलूंची एक तरी खोली राहू द्या. वैशाखातल्या दुपारी घरातले म्हातारे माणूस आणि तान्हे मूल तिथेच निवांत झोपेल.