खोडलेला सामना

आमच्या नेकनूरच्या घरी फुटबॉलचे वेड कोणासच नव्हते. परंतु धाकट्या नातीस वृत्तपत्र शेवटच्या पानापासून वाचावयाची खोड आहे. २०२२ च्या जानेवारीत एके सकाळी तिने आम्हांस विचारले, "आजोबा, खेळलेला सामना न खेळलेला कसा ठरतो हो?"

प्रसंग असा होता. महिलांची आशियाई चषक स्पर्धा त्या वर्षी मुंबई, नवी मुंबई व पुणे येथे भरली होती. संघ १२, चार-चारांचे तीन गट. प्रत्येकाने गटातील उरलेल्या तिघांशी एकेकदा खेळावयाचे. विजयास ३ गुण, बरोबरीस १. प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे जातात. असे सहा झाले. पण उपांत्यपूर्व फेरीस आठ हवेत. म्हणून तिन्ही गटांतील तिसऱ्यांपैकी दोन सरस संघ निवडावयाचे. गोम आहे ती येथेच, कारण हे तिघे एकमेकांशी खेळलेलेच नसतात.

२० जानेवारीस भारत व इराण यांचा सामना ०-० असा बरोबरीत सुटला. इराणच्या मुली या स्पर्धेत प्रथमच उतरल्या होत्या. पुढे तीन दिवसांत करोनाने भारताच्या संघास असे घेरले की नियमास लागणाऱ्या १३ खेळाडूही उभ्या करता येईनात. भारताने माघार घेतली असे धरून त्याचे सामने रद्दबातल झाले. इराणचा गुणही त्याबरोबर पुसला गेला. व्याकरणात कार्य घडूनही ते घडलेच नाही असे मानावयाचे स्थळ येते. त्यास 'असिद्ध' म्हणतात. आम्ही नातीस तेच सांगितले. तिला ते मुळीच रुचले नाही.

आता एका गटात तीनच संघ राहिले. तुलना समान व्हावी म्हणून इतर गटांतील तिसऱ्यांनी चौथ्याशी खेळलेला सामनाही हिशेबातून वगळला. मग थायलंड, व्हिएतनाम व इराण, तिघांचे गुण शून्य! निवाडा केलेल्या व खाल्लेल्या गोलांच्या फरकावर आला: थायलंड उणे २, व्हिएतनाम उणे ६, इराण उणे १२. इराण घरी परतले. व्हिएतनाम मात्र पुढील जादा सामने जिंकून २०२३ च्या विश्वचषकापर्यंत पोहोचले.

आम्ही पाटीवर मांडून दाखविले की वगळलेले सर्व सामने जमेस धरले तरी थायलंडचे ३, व्हिएतनामचा १ व इराणचा १ होतो, आणि गोलांमुळे इराणच मागे राहते. नात म्हणाली, "असेल. पण तो त्यांचा एकुलता एक गुण होता."

यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. शाळांच्या खो-खोच्या सामन्यांत गुणपत्रक आमच्याकडे असे. एके वर्षी एका लहान खेड्याच्या पोरांनी एका नावाजलेल्या संघास हरविले, आणि दुसऱ्या दिवशी तो संघ तापाने आजारी पडून परत गेला. आम्ही नियमाप्रमाणे त्याचे सारे सामने खोडले. खेड्याचा संघ तेवढ्याने मागे पडला. त्यांचा म्होरक्या, असेल बारा वर्षांचा, येऊन म्हणाला, "गुरुजी, आम्ही खेळलो ते कुठं गेलं?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?" नातीने विचारले.

आम्ही त्यास नियम वाचून दाखविला होता, व वर एक पेढा दिला होता. पेढा त्याने घेतला नाही.