आधी अपमान थांबवा, मग सकारात्मकता शिकवा

मांजरसुंब्यात आम्ही संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. दिवाळी सरली की आईबाप ऊसतोडीला जातात, पोरं आजीजवळ राहतात. सातवीतली एक मुलगी आमच्याकडे गणितं भराभर सोडवायची, शाळेत मात्र गप्प. एकदा म्हणाली, "सर सगळ्यांसमोर सांगतात, स्कॉलरशिपवाले उभे राहा. मग मला काहीच आठवत नाही."

खोट तिच्या बुद्धीत नव्हती. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलग्यांना भूलभुलैयाची कोडी दिली. २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. जात जाहीर नव्हती तेव्हा दलित आणि सवर्ण मुलं बरोबरीत होती. सर्वांसमोर जात पुकारताच दलित मुलं मागे पडली.

आशा, आत्मविश्वास, चिकाटी यांनी अभ्यास सुधारतो, हे खरंच. पण 'सकारात्मक राहा' म्हणणाऱ्यांना आमचा सवाल आहे : रोज अपमान होणाऱ्या वर्गात आशा टिकेल कशी? आत्मविश्वास समाजाने द्यावा लागतो. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार सभा झाली. केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. दुसऱ्याच्या यशात आनंद मानणं, यालाच धम्मात मुदिता म्हणतात.

आम्ही दोन कामं केली. शिष्यवृत्तीची यादी वर्गात वाचू नका, असं शाळेला लेखी दिलं, ते थांबलं. आणि दर पौर्णिमेला विहारात पोरांचा अभ्यास सर्वांसमोर मांडतो, आज्या टाळ्या वाजवतात. ती मुलगी अजून कमीच बोलते. पण परवा वर्गात तिने हात वर केला.

आपापल्या गावातली यादी कुठे वाचली जाते, तेवढं उद्याच बघा. जयभीम!